रुमालाखालची पेन्शन

कुंडलिक मास्तरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते, आणि ते पत्र म्युनिसिपालिटीचे होते.

पत्र आले आषाढात. मोरदरीच्या म्युनिसिपालिटीची कचेरी मास्तरांच्या घरासमोरच होती. मध्ये एक बोळ, एक गटार आणि गटारावर टाकलेली फळी. कारकुनाने खिडकीतून हाक मारली असती तरी काम झाले असते. पण सरकारी काम सरकारी रीतीनेच व्हायचे. म्हणून ते पाकीट टपालात पडले, थैलीतून जुन्नरला गेले, तिथला शिक्का खाऊन परत मोरदरीला आले आणि मग त्या फळीवरून चालत मास्तरांच्या ओट्यावर पोहोचले.

मजकूर थोडा होता. गावचे कंदील लावणारा वजीर आता म्हातारा झाला आहे. त्याला पेन्शन द्यावी असा म्युनिसिपालिटीचा विचार आहे. परंतु गावात बोर्डाविषयी फार कुजबुज असल्यामुळे कलेक्टरसाहेबांचे म्हणणे असे पडले की, बोर्डाबाहेरच्या एका गृहस्थाने पंच म्हणून रक्कम ठरवावी. वजीरची, आणि पुढे येतील त्या सगळ्यांचीही. हा गृहस्थ असा असावा की, त्याच्या सचोटीबद्दल गावात कोणालाही शंका नसावी. तरी आपण हे काम पत्करावे व तसे कळवावे.

मास्तर तिथेच अडले. गावात कोणाला शंका नसेलही. पण मास्तर गावातच राहत होते, आणि त्यांना स्वतःबद्दल पुष्कळ शंका होत्या.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते ट्रंकेतली जुनी पुस्तके काढून वाचत बसत. त्यात वैद्यकाची दोन होती. ती वाचून ते नाडी पाहायला शिकले होते, पण निदान सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते. तीन बोटे मनगटावर ठेवून ते बराच वेळ डोळे मिटून बसत आणि मग म्हणत, "जरा वाचून सांगतो." ते वाचेपर्यंत रोगी आपोआप बरा होई, आणि मास्तरांचे नाव होई.

पत्राचेही तसेच झाले. त्यांनी 'पत्करतो' असे लिहिले, ते उद्धट वाटले. 'पत्करीत नाही' असे लिहिले, ते त्याहून उद्धट वाटले. श्रावण गेला, गणपती गेले.

"अवं, हो म्हना, न्हाईतर न्हाई म्हना," पत्नी बयाबाई एकदा भाकरी थापताना म्हणाल्या. "एवढ्या वक्तात लोकांची लग्नं होऊन पोरं रांगाय लागली."

"हो म्हणायला हरकत नाही गं. पण मी चुकलो तर?"

"चुकलात तर चुकलात. बोर्डातली सगळी काय वेद शिकून आल्यात?"

मास्तरांना हे पटले, म्हणून त्यांनी आणखी एक मसुदा केला आणि तोही फाडला.

इकडे वजीर रोज दिवेलागणीला शिडी खांद्यावर घेऊन बोळात येई. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. मास्तरांच्या दारासमोरच्या कंदिलाला शिडी लावायची, चाचपत वर चढायचे, काच पुसायची, वात पेटवायची आणि वरूनच विचारायचे, "मास्तरसाब, लागला का दिवा?"

"लागला, वजीरभाई."

"मग ठीक. मला वाटलं, काडीच इझली."

मास्तर ओट्यावर बसून हे ऐकत आणि पुन्हा दौत उघडत. पेन्शन मिळाल्याशिवाय वजीर काम सोडू शकत नव्हता. घरी बायको हाजराबी दोन्ही गुडघे धरून बसलेली. पगार थांबला तर चूल थांबणार. एखाद्या दिवशी हा माणूस शिडीवरून पडेल, हे सगळ्या गावाला दिसत होते. दिसत नव्हते ते एकट्या वजीरलाच.

*

गावाला मात्र वजीरपेक्षा बैलाची चिंता जास्त होती.

म्युनिसिपालिटीच्या पाण्याच्या गाडीचा बैल उन्हाळ्यात मेला, तेव्हा नवा आणण्याचे काम हौशीरामकडे आले. हौशीराम बोर्डाचा मेंबर आणि धंद्याने बैलांचा दलाल. जुन्नरच्या बाजारात त्याच्याशिवाय बैल हलत नसे असे तो स्वतः म्हणे. त्याने खोडदच्या एका शेतकऱ्याकडून बैल घेतला. बैल पांढरा, देखणा आणि बसका होता. बसका म्हणजे तो बसत असे. गाडीला जुंपला की चार घरे चाले आणि बसे. मग पाणी त्या चार घरांनाच मिळे. आणि किंमत अशी दिलेली की, तेवढ्यात चालणारी जोडी आली असती.

"उगाच न्हाई," पोस्टाच्या पेटीशेजारी पिंपळाखाली बसणारा गेणू न्हावी वस्तरा पाजळत म्हणाला. "खोडदचा त्यो शेतकरी हौशीरामाचा पावना निघतोय बगा. वरचं पैसं दोघांनी वाटून घेतलं. म्युन्शिपालटीत पयली पेन्शन कुनाला मिळाली? बैलाला!"

वास्तविक खोडदचा तो शेतकरी हौशीरामचा कोणीही नव्हता. पण गेणूच्या हातात वस्तरा आणि गिऱ्हाइकाची मान एकाच वेळी असल्यामुळे त्याचे म्हणणे सहसा कोणी खोडत नसे. बैलाचे नाव 'पेन्शनर' पडले. आणि बैलानंतर जेव्हा वजीरच्या पेन्शनची बातमी फुटली, तेव्हा लोक म्हणाले, "आता म्हाताऱ्याच्या नावावर खानार!"

बोर्डाविरुद्ध सगळ्यात चढा आवाज कमरुद्दीन कागदीचा. तो जुन्नरी कागद विकायचा. हाताने केलेला, जाड, खळ लावून घोटलेला. गिरणीचा कागद आल्यापासून त्याचा धंदा बसत चालला होता, आणि हेही बोर्डानेच केले असावे अशी त्याची अटकळ होती. मसुदे फाडून फाडून मास्तरांचा कागद संपला, तेव्हा ते त्याच्या दुकानी गेले.

"पुन्हा कागद?" कमरुद्दीनने डोळे बारीक केले. "मास्तर, शाळा तर सुटली. एवढं लिहिता काय?"

"एक पत्र आहे."

"एका पत्राला एवढा कागद? तौबा! एवढ्या कागदात तर खरेदीखत होतं."

मास्तर लाजले आणि खाली पाहू लागले. कमरुद्दीनने ते लाजणे नीट पाहून ठेवले. संध्याकाळपर्यंत पिंपळाखाली ठरले की, मास्तर बोर्डासाठी काहीतरी लांबलचक लिहीत आहेत.

*

दिवाळीनंतरच्या रविवारी मास्तर जुन्नरच्या बाजाराला गेले. त्यांना लोकरीची कानटोपी घ्यायची होती. बैलबाजाराच्या कडेने ते अंग चोरून चालले होते, तोच हौशीरामने त्यांना गाठले. गडी धिप्पाड, पण चेहरा उतरलेला.

"मास्तर, तुमी नाडी बगता न्हवं?"

"बघतो. म्हणजे... सांगत नाही, पण बघतो."

"सांगत न्हाई त्येच पायजे मला. इद्येची आन घ्या, कुनाला बोलनार न्हाई म्हनून."

मास्तरांनी विद्येची शपथ घेतली. हौशीरामने चारी बाजूंना पाहिले, खांद्यावरचा रुमाल काढून उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली मास्तरांचा हात ओढला. मास्तरांची तीन बोटे सवयीने त्याच्या मनगटावर गेली. त्यांनी डोळे मिटले.

आता या बाजारात बैलाचा भाव तोंडाने कोणी बोलत नाही. रुमालाखाली दोघांचे हात जातात, बोटे दाबली जातात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा धरला की पाच. पाहणाऱ्याला एवढेच कळते की काहीतरी ठरते आहे, आणि जितका वेळ जास्त तितका आकडा मोठा. मास्तरांनी डोळे मिटून जो वेळ घेतला, तेवढ्यात जुन्नरच्या बाजारात हत्ती विकला गेला असता.

"बोटं मेल्यात, मास्तर," हौशीराम त्यांच्या कानाशी पुटपुटला. "बैलानं कोपराला शिंग मारलं, तवापासून ह्या पंजात कायबी कळंना. दलालाला रुमालाखाली कळंना, म्हंजी आंधळ्यानं सोनं पारखायचं!"

मास्तरांनी डोळे उघडले. "मग तो पाण्याच्या गाडीचा बैल?"

"तेच तर! खोडदच्या गड्यानं किती बोटं दाबली देव जानं. मला वाटलं दोनच दाबली. म्या म्हनलं, कबूल. त्याचं तोंड उजळलं, तवा समजलं की घोटाळा झाला. पन रुमाल निघाला की आकडा फिरत न्हाई. लोक म्हनत्यात, म्या पैसं खाल्लं. म्हनू द्या. पैसं खानारा दलाल चालतो, मास्तर. बोटं मेलेला चालत न्हाई."

गावाने इतके महिने ज्या लबाडीचा शोध लावला होता, ती लबाडी नव्हतीच. आणि हे ते कोणाला सांगू शकत नव्हते.

"जरा वाचून सांगतो," ते म्हणाले.

"वाचा. आन त्या वजीरचं बी उरका. बोर्डात दोन रुपयं म्हयना ठरलंय. तुमी नुसतं हो म्हना."

"दोन? दोन रुपयांत दोघांचं नुसतं पीठ येईल, हौशीरामभाऊ. कालवण कुठून आणायचं?"

"मला काय चार द्याला जड हाय? पन चार दिलं की गाव म्हननार, दोन ह्येंनी खाल्लं. दोन दिलं तर म्हनतील, एक खाल्ला. कमी दिलं की कमी शिव्या."

रुमाल निघाला. पलीकडे एक मेंढा धरून गेणू न्हावी उभा होता. मेंढ्याने त्याचे अर्धे उपरणे खाल्ले होते, पण गेणूचे तिकडे लक्ष नव्हते.

*

मास्तर घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. तीन बोटे होती, हे गेणूने रुमालाच्या फुगवट्यावरून ओळखले होते. तीन दहा, की तीनशे, एवढाच वाद उरला.

दुसऱ्या दिवशीपासून लोक मास्तरांना नमस्कार करीनासे झाले. तिसऱ्या दिवसापासून जास्तच करू लागले. ठकूबाई परटीण एक भलामोठा भोपळा घेऊन आली.

"मास्तर, आमच्या आळीला बी एक कंदील लावा की."

"अहो, माझ्या हातात काय आहे?"

"आसू द्या, आसू द्या," ठकूबाई डोळा बारीक करून म्हणाली. "हातात काय हाय त्ये समद्यांनी जुन्नरात बगितलंय."

भोपळा परत घ्यायला ती तयार होईना. बयाबाईंनी तो कोपऱ्यात ठेवला आणि संध्याकाळी ताटावर बसलेल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले.

"किती घेतलं?"

"कोणी?"

"तुमी. मला तरी सांगा. म्या काय बोर्डाला सांगनार हाय?"

"अगं, मी काही घेतलं नाही."

"मग रुमालाखाली काय हात शेकीत व्हता?"

मास्तरांनी विद्येची शपथ घेतली होती. त्यांनी कोपऱ्यातल्या भोपळ्याकडे पाठ केली आणि भाकरी मोडली. बयाबाईंना वाईट वाटले ते पैसे घेतल्याचे नव्हे. इतक्या वर्षांनी नवरा एकदाचा काही कमावतो आणि तेही चोरून ठेवतो, याचे.

मास्तरांनी त्या रात्री निश्चय केला, की उद्या नकार लिहायचा. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते पहिली ओळ लिहून वाळवत ओट्यावर बसले होते. समोर कंदिलाखाली 'पेन्शनर' बसला होता; दुपारी पाण्याची गाडी तिथपर्यंत आली आणि त्याला तिथेच आवडले. गाडीवान गाडी सोडवून निघून गेला होता. वजीर शिडी घेऊन आला. पांढरे काहीतरी त्याला दिसले असावे. ते कचेरीचे जोते समजून त्याने शिडीचे पाय त्यावर टेकले, दोनदा हलवून पाहिले आणि वर चढला.

"वजीरभाई!" मास्तर ओरडले. पण त्यांचे ओरडणे म्हणजे इतरांचे बोलणे.

"लागला का दिवा?" वजीरने विचारले.

तेवढ्यात बैल उठला. म्युनिसिपालिटीच्या सेवेत आल्यापासून तो प्रथमच आपण होऊन उठला आणि शिडीसकट बोळातून निघाला. वजीर कंदिलाच्या लोखंडी हाताला लोंबकळत राहिला. मास्तर शाई सांडून धावले आणि त्यांनी त्याचे पाय धरले. मग दोघेही गटारात पडले.

लागले फारसे नाही. वजीरचा घोटा सुजला, मास्तरांच्या मुठीतला नकार गटाराच्या पाण्यात भिजला. वजीर उठून बसला आणि पहिल्यांदा म्हणाला, "मास्तरसाब, पगार कापतील का?"

त्याचा हात मास्तरांच्या हातात होता. घासलेटाचा वास मारणारा, काचांनी भाजून भाजून खरबरीत झालेला हात. मास्तर काही बोलले नाहीत.

गावाने मात्र सगळे बोलून घेतले. बैल बोर्डाचा, शिडी बोर्डाची, कंदील बोर्डाचा. मग हे आपोआप कसे होईल?

"म्हातारा मेला आसता तर पेन्शन वाचली आसती," गेणू म्हणाला. "म्हनून तर बैल तितं बसीवला. आन मास्तर साक्षीला!"

*

कमरुद्दीनने सभा भरवायला लावली. चावडीपुढे सगळे गाव लोटले. बोर्डाचे मेंबर एका बाजूला सतरंजीवर, गाव दुसऱ्या बाजूला धुळीत, आणि मध्ये सुजलेला पाय पुढे करून वजीर. मास्तरांना दोघांनी बगलेत धरून आणले आणि कोणत्या बाजूला बसवावे ते न कळल्यामुळे मध्येच बसवले.

"पहिला सवाल," कमरुद्दीन उभा राहिला. "जुन्नरात रुमालाखाली काय ठरलं?"

मास्तर हौशीरामकडे पाहू लागले. हौशीराम उजवा हात धोतरात लपवून घामाघूम झाला होता.

"मी सांगू शकत नाही," मास्तर म्हणाले.

"पाहा! कबूल केलं!"

"मी काही कबूल—"

"दुसरा सवाल. वजीरचाचाला किती देणार? इथंच बोला, आत्ता बोला. कागदावर नको. कागद मी विकतो, त्यावर काय काय लिहितात मला ठाऊक आहे."

आता पंचाईत अशी झाली की, आकडा कोणी बोलेना. बोर्डाने मोठा सांगितला तर त्यात वाटा, लहान सांगितला तर गिळलेला. गावाने सांगितला तर घरपट्टी वाढणार. वजीर आवाजांच्या दिशेने मान फिरवीत होता.

"आरं, मग बाजारासारखं करा की," मागून गेणू ओरडला. "रुमाल टाका! ठराव फिरत्यात, रुमालाखालचा सौदा फिरत न्हाई. बोर्डाकडून हौशीराम, हिकडून वजीर."

"शाब्बास!" लोक ओरडले. ज्या रुमालावरून महिनाभर गाव पेटले होते, त्याच रुमालावर आता सगळ्यांचा एकदम विश्वास बसला.

हौशीरामचे तोंड पांढरे पडले. वजीरने बोटे दाबून जास्त मागितले, तर त्याला काही कळणार नव्हते, आणि सगळ्या गावासमोर त्याचा धंदा बुडणार होता. त्याने मास्तरांकडे असे पाहिले की, मास्तरांना आपल्या रोग्यांपैकी एकही इतका आजारी आठवेना.

आणि मग, का कोण जाणे, कुंडलिक मास्तर उभे राहिले. शाळा सोडल्यापासून इतक्या लोकांसमोर ते प्रथमच उभे राहत होते.

"मध्ये मी बसतो," ते म्हणाले. "एक हात यांच्या हातात, एक त्यांच्या. बाजारात दलाल बसतो तसा. बोर्डाचा आकडा मी वजीरभाईंना पोहोचवीन. म्हणजे... कोणाची हरकत नसेल तर."

थोडी कुजबुज झाली. मास्तरांनी पैसे घेतले असतील, पण मास्तर खोटे बोलत नाहीत, असे दोन्ही बाजूंचे मत पडले. कमरुद्दीनने मात्र हौशीरामचा रुमाल नाकारला. स्वतःच्या घरून चादर आणवली, ती उन्हात धरून भोके आहेत का पाहिले, मास्तरांच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि मगच चादर तिघांच्या हातांवर पसरली.

"एक बोट, म्हैन्याला एक रुपया," त्याने जाहीर केले. "एकदा चादर निघाली की बोलणं खलास."

चावडीपुढे इतकी शांतता पसरली की 'पेन्शनर' रवंथ करीत होता ते ऐकू येत होते.

चादरीखाली हौशीरामच्या जड बोटांनी मास्तरांची बोटे चाचपली आणि दाबली. दोन. नीट, स्पष्ट, दोन.

मास्तरांचा दुसरा हात वजीरच्या हातात होता. तो खरबरीत हात गप्प पडून वाट पाहत होता; रोज शिडीवरून 'लागला का दिवा' विचारून वाट पाहावी तसा. मास्तरांना पुस्तकातले काही आठवेना. जरा वाचून सांगतो, असेही म्हणता येईना. त्यांनी डोळे मिटले, वजीरची दोन बोटे धरली, थांबले, आणि मग शेजारची दोनही मुठीत घेऊन घट्ट दाबली.

वजीर चपापला. त्याने आपल्या अंधूक डोळ्यांनी मास्तरांकडे पाहिले.

"चार!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की बैलाने मान वर केली. "कबूल! चार, कबूल!"

कमरुद्दीनने चादर ओढली. बोर्डाच्या मेंबरांनी माना वळवून हौशीरामकडे पाहिले, आणि ते पाहणे चांगले नव्हते. हौशीराम स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होता. दोन दाबली होती की चार? त्याला वाटत होते दोन. पण खोडदच्या वेळीही त्याला असेच काहीतरी वाटले होते.

"काय हौशीरामशेठ, चारच ना?" कमरुद्दीनने दरडावले.

बोटांना कळत नाही, हे सांगण्यापेक्षा चार रुपये स्वस्त होते.

"चारच," हौशीराम म्हणाला. "म्या चारच दाबली. माझ्या बोटाला समजत न्हाई का?"

टाळ्या पडल्या. वजीर उठायला गेला, पाय विसरला आणि परत बसला. "मास्तरसाब," तो हसत म्हणाला, "ह्या येळेला न इचारता कळलं."

परत जाताना गेणू मात्र गंभीर होता. "चार उघड दिलं," तो शेजारच्याला म्हणत होता, "म्हंजी आत सा ठरलं आसनार."

*

कलेक्टरसाहेबांची मंजुरी पौषात आली. वजीरचा पहिला महिना हाजराबीच्या हातात पडला आणि त्या दिवशी त्यांच्या घरातून मटणाचा वास बोळात आला. बैल लिलावात निघाला. हौशीरामने बाजारात जाणे सोडले आणि मुलाला धंद्यावर बसवले.

एका सकाळी तो मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसला. "मास्तर, खरं सांगा. म्या दोन दाबली व्हती का चार?"

मास्तरांनी त्याची नाडी हातात घेतली आणि पुष्कळ वेळ डोळे मिटून बसले.

"जरा वाचून सांगतो," ते म्हणाले.

हौशीरामने त्यांच्याकडे पाहिले, आपल्या हाताकडे पाहिले आणि तो हळूहळू हसू लागला. "वाचा," तो उठत म्हणाला. "सावकाश वाचा."

मग फळीवरून कारकून आला. पुढच्या महिन्यात झाडूवालीचे प्रकरण होते, त्यानंतर जकातनाक्यावरच्या शिपायाचे. मास्तरांनी कायमचा पंच व्हावे अशी बोर्डाची आणि गावाची एकमुखी इच्छा होती. आषाढातल्या पत्राचे उत्तर मात्र अजून यायचे होते.

त्या दिवशी मास्तरांना मसुदा करावा लागला नाही. एकाच कागदावर, एकदाच, त्यांनी लिहिले: 'आपण मागितलेल्या गृहस्थाच्या सचोटीबद्दल गावात कोणासही शंका नसावी अशी अट आहे. माझ्याबद्दल गावातल्या एका माणसाची, म्हणजे खुद्द माझी, तर खात्रीच पटली आहे. तरी दुसरा गृहस्थ पाहावा.'

कचेरी समोर होती; पण त्यांनी पाकीट घेतले, अंगरखा चढवला आणि पिंपळाखालच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. पाकीट आत टाकले, आणि पडल्याचा आवाज आला की नाही या शंकेने पेटीला कान लावला.

गेणूने गिऱ्हाइकाच्या मानेवरचा वस्तरा उचलला.

"कुनाला पत्र, मास्तर?"

"म्युनिसिपालिटीला."

"काय लिवलं?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "खरं तेच लिहिलं."

गेणूने वस्तरा मिटला. मग त्याने हळूहळू मान हलवली.

"खरं? आन म्युन्शिपालटीला? मास्तर, मास्तर... तुमी तर लई आतल्या गाठीचं निघालात!"